आसाबीच्या चार रेघा

मी एक जुने जहाज आहे. आता माझ्यात जहाज म्हणावे असे काही उरलेले नाही. आफ्रिकेतल्या फ्रीटाउनच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात, ओजो सुताराच्या घराचे दार होऊन मी उभे आहे. पण मित्रांनो, लाकूड विसरत नाही. म्हणून जे सांगायची लाज वाटते तेही आज सांगते.

ब्राझीलच्या अरण्यात मी झाड होते. संध्याकाळी पोपट माझ्यावर वस्तीला येत. मग मला तोडले, तासले, जोडले. पाण्यात लोटायच्या दिवशी धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडून माझे नाव ठेवले. त्याचा अर्थ होता, दयेची माउली. केवढे हरखले होते मी! वाटले, धान्य नेईन, कापड नेईन, यात्रेकरूंना देवाच्या दारी नेईन.

नंतर माणसे आली आणि त्यांनी माझ्या पोटात एक माळा ठोकला, वर जेमतेम दीड हात जागा सोडून. एवढ्याशा जागेत काय ठेवणार, मला कळेना. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कळले. तिथे माणसे ठेवली. तीनशे जीव, बाया, लेकरे, कोणालाही उठून बसता येऊ नये असे.

अशा पाच फेऱ्या माझ्याकडून झाल्या. बंदरोबंदरी माझ्या वेगाचे कौतुक होई. वारा उलटा असला की मी दिसण्याआधी माझा वास किनाऱ्याला लागे. त्याबद्दल मात्र कोणी बोलत नसे.

सहाव्या फेरीत आसाबी नावाची बाई माझ्या डाव्या कुशीला लागून पडली होती. शेजारी सहा वर्षांची लेक, आमोके. त्यांच्या योरुबा मुलखात घराण्याच्या रेघा गालावर कोरतात. गाल पाहिला की माणूस कोणाचे ते कळते. आमोके सतत आजारी, म्हणून तिचे गाल कोरेच राहिले होते. आसाबीला ताप भरला तेव्हा तिने माझा एक सैल खिळा उपसला आणि अंधारात चाचपडत फळीवर रेघा कोरायला घेतल्या.

"आई, पाणी."

"हे घे, माझ्या वाटचं. मला तहानच नाही बघ. आता इथं बोट फिरव. तीन आडव्या, खाली एक तिरकी. हा आपल्या घराचा गाल. कुणी विचारलं, कोणाची गं तू, तर हे सांगायचं."

"तू सांग ना."

"मी आहेच गं. पण तू पाठ कर."

तो खिळा सैल होता, एवढाच माझा उपकार. तोही मी केलेला नव्हे. त्याच वेळी गुलामांची जहाजे पकडणारे आरमार माझ्या मागे लागले होते. तीन दिवस मी त्याला हुलकावणी दिली. तिसऱ्या सकाळी तापाने गेलेल्या आसाबीला समुद्रात टाकले, आणि संध्याकाळी वारा पडून मी सापडले. मी हळू चालले असते तर तिला पाणी मिळाले असते. त्या वेगाचे लोकांना केवढे कौतुक होते!

आरमाराने मला फ्रीटाउनला नेले, तिथे माणसे मोकळी झाली. मला करवतीने मधोमध कापून विकले. माझी डावी कूस बकऱ्यांच्या गोठ्याला लागली आणि सोळा वर्षे तिथेच राहिली. मग ओजोने तो गोठा मोडला आणि दारासाठी मला अंगणात आणून टाकले.

"फळी बघ, दगड आहे दगड! बकऱ्यांनी एवढी वर्षं अंग घासलं, तरी हूं नाही की चूं नाही."

"तुमच्यापेक्षा बरी की मग," त्याची पोटुशी बायको हसली. "तुम्हाला पाण्याचा एक घडा आणायला सांगितला तरी केवढी कुरकुर!"

तेवढ्यात शेजारच्या, त्याच योरुबा मुलखातून आलेल्या अदुनी आजींनी हाक मारली, "आमोके!" आणि मी आतून हादरले.

आजी टेकल्या. "काय गं, बारशाला बाळाच्या कानात आईचं घराणं काय सांगणार? की बुडाविना घागर?"

आमोकेचे हसू मावळले. "आईनं रेघा पाठ करून घेतल्या होत्या, आजी. तीन का चार, उभ्या का आडव्या... काही म्हणता काही आठवत नाही. तिचा चेहरासुद्धा नाही."

मी इथेच होते, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हते.

ओजोने रंधा उचलला. "इथं जरा ओरखडलंय, गुळगुळीत करून टाकतो." आमोकेने धूळ झटकायला हात फिरवला. तिचे बोट एका खाचेत अडकले. मग पुढे सरकले.

"थांबा."

तिने डोळे मिटले. "तीन आडव्या. खाली... खाली एक तिरकी."

ओजोने रंधा खाली ठेवला. आजींनी वाकून त्या रेघा पाहिल्या, बोटांनी पुन्हा पुन्हा चाचपल्या. "अगं, ही तर आमच्या नदीपलीकडची निळीची रंगारी माणसं. त्यांचं कापड माझ्या आईनं नेसलेलं."

"आता कोण असेल तिथं?"

आजींनी फळीवरचा हात उचलून आमोकेच्या डोक्यावर ठेवला. "गाव जाळलं गं पोरी. धूर मी पाहिलाय. कुणी नाही उरलं."

"मी आहे," आमोके म्हणाली.

मित्रांनो, जुने लाकूड गुळगुळीत करायच्या आधी त्यावर एकदा हात फिरवा. कोणाचे तरी घर त्यात असू शकते. मला क्षमा मागायचा हक्क नाही आणि मी ती मागत नाही. रोज सकाळी आमोके लेकीला कडेवर घेऊन येते, तिचे इवलेसे बोट त्या चार रेघांवरून फिरवते आणि उंबऱ्यावर गार पाणी ओतते.

"आई, घे. पाणी."