ओला आकडा

"ओल्या रंगाला हो म्हणू नको, पोरी. वाळू दे, मग बोल."

आवाज बाबांचा. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण हौदातून वाफ उठली की थोरलीला तो ऐकू यायचा. वाफेच्याच अंगाने यायचा, कोमट, जरासा खरखरीत. कापड पाण्यात असतं तोवर प्रत्येक रंग राजा असतो. दोरीवर पडलं, वारा लागला, की मग त्याचं खरं तोंड दिसतं. रंगाऱ्याच्या घरात मुलीला आधी हे शिकवतात आणि मग बोलायला.

आणि तरी तिने ओल्या आकड्याला हो म्हटलं होतं.

नाटकमंडळींचे पडदे रंगवून दिले, त्यांचा चेक आला, तो तिने बँकेत भरला. दुसऱ्या दिवशी फोनवर पाहिलं तर खातं कसं भरलेलं दिसत होतं! पाण्यातल्या कापडासारखं फुगलेलं, टवटवीत. चेक अजून वटला नव्हता, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याच दुपारी ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली आणि तपासण्यांची मोठी रक्कम देऊन आली. धाकटीला म्हणाली, नव्या पडद्यांच्या मापाला गेले होते.

डॉक्टर म्हणाले होते, आधी निळा जाईल, मग हळूहळू बाकीचे. ती घरी आली ती स्वप्नातून चालल्यासारखी. रस्ता, झाडं, माणसं, सगळं एकाच हौदात बुडवून काढल्यासारखं. एवढी वर्षं तिने रंगांचा हात धरला, आता रंगच हात सोडवून घेत होते.

त्याच दिवशी धाकटीनेही खरेदी केली होती. मिठाचं पोतं, रबरी हातमोजे, विजेचं बिल आणि एक किटली. खातं दोघींचं एकच, बाबांच्या वेळेपासूनचं. चेक वटायच्या आधीच पैसे कमी पडले, बँकेने ते स्वतःच्या खिशातून भरले आणि चारही खरेद्यांवर वेगवेगळा दंड ठोकला. किटलीपेक्षा किटलीचा दंड जड.

"किटली नसती आणली तर चाललं नसतं का?" थोरली बोलून गेली होती. लगेच जीभ चावली, पण शब्द काही माघारी घेतला नाही.

"त्यातला चहा कोण ढोसतं?" धाकटी म्हणाली. मग बराच वेळ काठीने हौद ढवळत राहिली. "असू दे. मी उधळी. माझं खातं मी वेगळं काढते. आणि खातं वेगळं झालं की हौदही वेगळा, हे तुला मी सांगायला नको."

 मग थोरलीने ठरवलं, बँकेशी भांडायचं. बँक हरली की किटली सुटली, धाकटीचा राग गेला, आणि कुणाला काही सांगायला नको.

"मीही येते," धाकटी म्हणाली. "मला तिथे अर्ज द्यायचाच आहे."

बँकेत गारवा होता, काचाच काचा होत्या. छतावरचे दिवे कडेने विरघळत होते, आणि माणसं तळ्याच्या तळाशी चालल्यासारखी सावकाश ये-जा करत होती. काचेपलीकडे मऊ आवाजाचे एक साहेब बसले होते. त्यांनी संगणकाचा पडदा दोघींकडे वळवला. त्यावरचे आकडे थोरलीला पाण्यावर तरंगणाऱ्या पानांसारखे दिसले.

"मीठ सकाळी घेतलं, किटली सकाळी घेतली," ती म्हणाली. "चेक बाजूला ठेवा, तरी तेवढे पैसे खात्यात होतेच. मग दंड मिठाला कसा काय?"

"आमचं यंत्र दिवसभराचे व्यवहार रात्री एकदम घेतं, मावशी. मोठी रक्कम आधी, छोट्या मागून. मोठी खातं चाटूनपुसून गेली, या चौघांना काही उरलंच नाही."

"म्हणजे खाल्लं थोरलीने आणि मार धाकट्यांना?"

साहेब हसले. "आमच्या घरीही हेच चालायचं. मी पाचवा."

धाकटी मात्र हसली नाही. ती पडद्याकडे वाकली होती. "कुठली मोठी रक्कम?"

थोरली काचेकडे बघू लागली.

"ताई, ही कुणी दिली? मी तर नाही दिली."

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग आवाज आणखी मऊ करून म्हणाले, "हे बघा, ही रक्कम तुम्हा दोघींपैकी कुणीच दिली नसेल, तर तसं सांगा. मी तक्रार घेतो. चौकशी होईल आणि तोवर चारही दंड परत मिळतील."

नाही म्हणायचं, बस्स. केवढासा शब्द. थोरलीच्या ओठांवर तो पिसासारखा येऊन बसला, फुंकर मारली की उडाला असता. दंड परत, घर परत, आणि ज्याने पैसे चोरलेच नाहीत असा कुणी चोर दूर कुठेतरी जन्माला आला असता. तिने धाकटीकडे पाहिलं. चेहऱ्याच्या कडा धूसर होत्या, पण कपाळावरची आठी ओळखीची होती. लहानपणी तिच्या बाहुलीचे केस कुणी कापले, हे शोधताना पडायची तीच.

"मीच दिली," थोरली म्हणाली. "चूक बँकेची नाही. भरलेलं दिसलं, आणि मी थांबले नाही."



साहेबांनी पेन टेबलावर दोनदा आपटलं. "मग दंड लागणारच. पण क्रम यंत्राने लावला, तुम्ही नाही. दोन माफ करतो. दोन तुम्ही सोसा. माझ्या हातात एवढंच आहे."

"हा नियम आधी सांगत का नाही तुम्ही?" धाकटी त्यांच्यावर उसळली.

"सांगतो ना. बारीक अक्षरात."

थोरलीला हसू फुटलं. बऱ्याच दिवसांनी, पोटातून. साहेब गोंधळले आणि त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

बाहेर ऊन होतं. पायऱ्या उतरताना थोरलीचा पाय जरा अडखळला, आणि धाकटीने न बघताच तिचा दंड धरला. अर्ज अजून तिच्या दुसऱ्या मुठीत होता, न दिलेला. रस्त्याने गाड्या जात होत्या, पावडर सांडावी तसा प्रकाश सांडत होता, आणि दोघी भिंतीच्या सावलीला उभ्या राहिल्या.

"आधी मला किटलीवरून टोचलंस," धाकटी म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "मी तुझ्याशी अबोला धरला, वेगळं निघायची भाषा केली, आणि तू निवांत ऐकून घेतलंस. कुणाला दिलेस एवढे? त्या नाटकवाल्यांपैकी कुणी भुलवलं की काय तुला या वयात?"

"भुलायला तो आधी दिसायला तर हवा."

"ताई, थट्टा नको."

थोरलीने तिच्या हातावर हात ठेवला. हात खडबडीत होता, नखांत रंग होता. कुठला, ते तिला ओळखता येईना.

"डोळ्यांच्या डॉक्टरांना दिले," ती म्हणाली. "निळा आणि काळा मला आता वेगळे दिसत नाहीत, चिमे. पुढे बाकीचेही जातील. तुला सांगितलं असतं तर तू कीव येऊन राहिली असतीस, आणि मला तसं नको होतं. पण तू जाऊ नकोस. कीव येऊन राहिलीस तरी चालेल मला."