ट्यूनेचं स्वच्छ रक्त

आमच्या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सगळेच सिगारेटी ओढायचे; डॉक्टर कोवाच तर काचनळ्या धुतानाही. अपवाद माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकट्या ट्यूनेचा. म्हणून धुरातून रक्तात शिरणारा विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, मोजायचा झाला, की तुलनेसाठी 'स्वच्छ रक्त' तिचंच. मिनेसोटातल्या आमच्या खाणगावात ही रीतच पडून गेली होती.

"संत ट्यूने, बाही वर करा," मी म्हणायची.

"पी माझं रक्त, सटवे," ती हसत हात पुढे करायची.

त्या जानेवारीतल्या सोमवारी तिचं डोकं दुखत होतं. गॅरेजमध्ये गाडीच्या धुराने गुदमरल्याचा संशय असलेल्या एका माणसाचं रक्त तपासायला आलं होतं. काचेच्या पसरट भांड्यात बाहेरच्या कड्यात रक्त आणि आम्ल, मधल्या वाटीत पॅलॅडियमचं पिवळं द्रावण, वर घट्ट झाकण. रक्तातून वायू सुटला की त्या पिवळ्यावर काळी, चकचकीत साय धरते. थोडा वायू, पातळ साय.

गॅरेजवाल्याची साय पातळ होती. ट्यूनेची दाट.

"भांडी अदलाबदल केलीस," कोवाच मला म्हणाले.

"नाही हो डॉक्टर. चिठ्ठ्या बघा."

"मग द्रावण नासलं. नवीन कर."

नवीन केलं. ट्यूनेचं रक्त पुन्हा घेतलं, शेजारी माझंही ठेवलं. दिवसाला पाकीट संपवणारी मी. माझ्या भांड्यात नुसता करडा पापुद्रा आला. तिच्या भांड्यात पुन्हा काळी साय.

कोवाचांनी सिगारेट विझवली. "ट्यूने, डोकं कधीपासून दुखतंय?"

"सकाळी उठले की दुखतं. इथे आल्यावर दुपारपर्यंत उतरतं. शनिवार-रविवार घरीच असते, तेव्हा मात्र..." ती थांबली.

आम्ही फिनलंडहून आलेले लोक हिवाळ्याआधी खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवतो, वारा शिरू नये म्हणून. ट्यूनेच्या पट्ट्या सगळ्यांत नीटनेटक्या, एक फट उघडी नाही. तळघरात घर ऊबदार ठेवणारी कोळशाची भट्टी, आणि घरात दिवसभर तिची म्हातारी आई, लेम्पी.

ट्यूनेने फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला.

"आई, बाहेर पड! आत्ताच्या आत्ता!"

"ओरडू नकोस गं. झोपले होते." आवाज इतका संथ, की शेजारी उभं राहून मलाही शब्द न् शब्द कळत होता. "मांडीवर मांजर आहे. उठतच नाही मेलं."

"आई, खिडकी उघड!"

"कशी उघडू? तूच तर चिकटवल्यास. छान चिकटवल्यास हो."

"काच फोड! आई! आई, ऐकतेयस ना?"

उत्तर आलं नाही. फोन खाली ठेवल्याचा आवाजही आला नाही. कोवाच गाडीच्या किल्ल्या घेऊन कधीच धावले होते. ट्यूने हाका मारत राहिली आणि पलीकडून, तळघरातून, भट्टीची एकसारखी घरघर ऐकू येत होती.