मामाच्या गोठ्यातल्या चार नळ्या

बेटावर मामाच्या गोठ्यात अकरा जनावरं होती: सात गाई, तीन कालवडी, एक बैल. अंगावर गाठी आलेली दोन, ताप आलेलं एक, आणि रोग पसरवणाऱ्या चावऱ्या माश्या सगळ्यांवर. जनावरांच्या प्रयोगशाळेत नोकरीला असलेल्या त्याच्या भाचीने अकरा नळ्या रक्त घेतलं. चार नळ्यांत लंपीचा, म्हणजे गाठींच्या साथरोगाचा, विषाणू सापडला आणि बेटावरून जनावर हलवायला बंदी आली.

बोटीच्या धक्क्यावर लोक मामाला पाहून तोंड फिरवू लागले. "माश्या काय आमच्याकडे नाहीत? रोगाला बरं तुमचंच घर सापडलं!"

अहवाल वाचून प्रयोगशाळेच्या मॅडमनी तिला एवढंच विचारलं, "यांना लस दिली होती?"

"नाही. त्यांच्या भागाचा नंबर यायचाय."

बोलताना तिची नजर फरशीवर होती. लस तिनेच टोचली होती, गेल्याच आठवड्यात, रांग मोडून, गुपचूप. लशीतला विषाणू जिवंतच असतो, फक्त कमजोर केलेला; त्यानेही एखाद्या जनावराला ताप येतो, गाठी येतात. तो रक्तात सापडला, तर साधी तपासणी त्याला रोगच समजते. हे तिला तोंडपाठ होतं. आठवलं तेव्हा अहवाल वर गेला होता.

संध्याकाळी ती गोठ्यात गेली. मामा माश्या पळवायला चुलीतले निखारे आणून धूर करत होता. म्हणाला, "घाबरू नकोस गं. लशीचं मी कुणाजवळ बोललो नाही. तुझ्या नोकरीवर बालंट नको."

मामी म्हणाली, "ह्यांच्या पोटात जन्मात पहिल्यांदाच काही राहिलंय!"

दोघं हसली. तिला तिथे उभं राहवेना.

सकाळी तिने मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "खोटं बोललीस, त्याचं नंतर बघू. त्या चार नळ्या काढ. लशीचा विषाणू आणि रोगाचा विषाणू वेगळा दाखवणारी तपासणी लाव. गावासमोर काय ते तूच सांगायचं."

यंत्र सुरू झालं. ती समोर बसून राहिली. एक तरी गाय खरंच आजारी निघावी, म्हणजे गावासमोर उभं राहावं लागणार नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं. मग मामाची चुलीच्या राखेने माखलेली बोटं आठवली, आणि तिने मान खाली घातली.

यंत्र थांबलं.

नळ्या चार. लशीचा विषाणू: चार. रोगाचा विषाणू: शून्य.