आठ रुपयांनी श्रीमंत

आपण गरीब आहोत की नाही हे माणसाला स्वतःहून कळत नाही, म्हणून सरकार मास्तर पाठवतं. सत्त्याण्णव साली उचगावात तो मास्तर मी होतो. शहरातल्या शिवाजी पेठेतून सायकलनं शाळेत जायचो, पोरांना भागाकार शिकवायचो, आणि शाळा सुटली की तोच भागाकार गावावर करायचो.

पद्धत सोपी होती. घरात टीव्ही किंवा छताला पंखा दिसला की ते घर गरीब नव्हे. पंखा फिरतो का, हे विचारायचं नाही. उरलेल्या घरांत बसायचं, मागच्या तीस दिवसांत काय खाल्लं, काय वापरलं ते मिठाच्या पुडीपर्यंत विचारायचं, त्याचे रुपये करायचे आणि घरातल्या माणसांनी भागायचं. आम्हाला दिलेल्या कागदावर रेषा होती माणशी दोनशे पासष्टची. उत्तर खाली आलं तर यादीत नाव, स्वस्त धान्य, नशीब असेल तर घरकुल. वर आलं तर चहा पिऊन निघायचं.

तानूबाईच्या घराचे तीन पत्रे वळवाच्या वाऱ्यानं नेले होते. त्या जागी प्लॅस्टिकचा कागद फडफडत होता. नवरा केरबा फाउंड्रीत हजेरीची वही लिहायचा, तो दोन वर्षांपूर्वी गेला. आता ती तिथंच वाळू चाळायला जायची. म्हातारी सासू चिमणाबाई, दहावीतली निशा आणि धाकटा प्रसेनजीत, असा कारभार.

"किती माणसं?" मी फॉर्म उघडला.

"पाच की."

मी मोजली. चार भरली. "पाचवं कोण?"

"हे." तिनं भिंतीकडच्या रिकाम्या पाटाकडं हात केला.

"केरबा वारले ना?"

"व्हय. दोन वर्सं झाली."

"मग?"

"जेवायला येत्यात."

भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी बाबासाहेब. मी जरा घसा साफ केला. "तानूबाई, तुमच्यात तर हे भूतखेत मानत नाहीत."

"न्हायच मानत! म्हणून तर कुणाला बोलत न्हाय. पन ताट रिकामं हुतंय त्याला मी काय करू? भांडी मीच घासतीया की."

"भूक दांडगी त्याची," चिमणाबाई म्हणाली. "ल्हानपनापासनं."

जेवणवेळच होती. निशानं पाच ताटं मांडली. पाचव्यात दीड भाकरी, झुणका, कांदा. मी ज्वारीचा आकडा लिहायला मान खाली घातली. वर बघतो तर ताटात अर्धी भाकरी. मांजर नव्हतं, मी मुद्दाम पाटामागं वाकून बघितलं. पाट मात्र गरम होता. नुकतंच कुणी बसून सरकल्यासारखा.

पण हातात सरकारी फॉर्म असला की माणूस पळून जाऊ शकत नाही. मी नियमांचा कागद काढला. कुटुंब म्हणजे गेले तीस दिवस एका चुलीवर जेवणारी माणसं. ती जिवंत असावीत, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. मी केरबाचं नाव घातलं.

"वय?"

"गेलं तवा चाळीस. आता काय वाढत न्हाय."

चाळीस लिहिलं. एकूण खर्च एक हजार ब्याण्णव. भागिले पाच, दोनशे अठरा आणि वर चाळीस पैसे. घर गरीब. मी समाधानानं सायकलवर बसलो.

आमचे तपासणीचे साहेब गणपतराव यांनी तो फॉर्म दोनदा वाचला. "गुरुजी, मयत माणूस सदस्य होत नाही."

"जेवतो, साहेब."

"जेवू दे. सदस्य होत नाही." त्यांनी केरबाला लाल शाईनं मारलं. मरण्याची त्याची ही दुसरी वेळ. आता भागिले चार. दोनशे त्र्याहत्तर. तानूबाई आठ रुपयांनी श्रीमंत झाली.

गणपतराव तसे भले गृहस्थ. त्यांनीच वाट काढली. "खर्च जास्त का आलाय? पाचव्याला जेवायला घालतात म्हणून. महिनाभर घालू नका म्हणावं. फेरतपासणीला मी तारीख देतो."

हे मी उचगावात जाऊन सांगितलं. बेताचं बोलत, पाटाकडं न बघता.

तानूबाईनं पाटाकडं बघितलं. वर प्लॅस्टिक फडफडत होतं. "तीस दिस उपाशी ठेवू त्यास्नी?"

"आये, बाबास्नी नीट सांग," निशा म्हणाली. "जल्मभर हजेऱ्याच लिवल्या की त्यांनी. हिशेब कळंल त्यास्नी."

तानूबाई पाटासमोर जाऊन बसली. "अवो," ती म्हणाली, "घराचं काम हाय. एक महिना कुठंतरी भागवा." मग पाचवं ताट धुऊन, पुसून, तिनं फळीवर पालथं घातलं. ते ताट फळीवर टेकल्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

तिसऱ्या दिवशी आमच्या घरी भाकरी कमी पडली.

आमच्या घरी दोनच माणसं, मी आणि शिवगंगा. ती भाकऱ्या मोजून करते आणि तीस वर्षांत तिची मोजणी चुकलेली नाही. "तुम्ही खाल्लीत?" नाही. दुसऱ्या दिवशी एक जास्त केली, तीही गेली. आणखी दोन दिवसांनी माझ्या शेजारचा रिकामा पाट हाताला गरम लागला आणि मला सगळं सांगावं लागलं.

शिवगंगा पदराला हात पुसत ऐकत राहिली. मला वाटलं, आता मठातल्या स्वामीजींना बोलावते, नाहीतर माहेरी निपाणीला जाते. "उचगावचा म्हणायचा," ती अखेरीस म्हणाली. "एवढ्या लांब चालत येतो?"

"त्याची सायकल असल्याचं नोंदीत नाही."

"तुमच्या भागाकारापायी उपाशी फिरतंय बिचारं." तिनं तिसरं ताट मांडलं. "नीट वाढते. चोरून कशाला खायचं?"

महिन्यानं फेरतपासणी झाली. खर्च आठशे बहात्तर. भागिले चार, दोनशे अठरा. गणपतरावांनी माझी पाठ थोपटली. तानूबाईचं नाव यादीत लागलं आणि दीड वर्षानं पक्कं छप्परही आलं. इथं गोष्ट संपायला हवी होती.

पण नाव लागलं त्याच महिन्यात तानूबाई पेठेत आमचं घर विचारत आली. उंबऱ्यातच उभी राहिली. "गुरुजी, आठ दिस झालं, ताट वाढतीया. तसंच ऱ्हातंय. भाकरीचं वाळून खापर हुतंय." आणि मग, शेजाऱ्याकडं कोंबडी शोधायला आल्यासारखी हळूच, "ते तुमच्याकडं हायत काय?"

आम्ही जेवायलाच बसलो होतो. तिनं आत बघितलं. तिसऱ्या ताटात कांद्याची पात तेवढी बाजूला काढून ठेवलेली होती.

"हायत," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसली. "पात कधीच खात न्हाईत." थोड्या वेळानं तिनं पाटाला विचारलं, "हितं मटान-वशाट मिळत न्हाय, तरी ऱ्हायलासा?"

"चला म्हणा त्यांना घरी," शिवगंगा म्हणाली.

तानूबाई माझ्याकडं वळली. "पुन्हा तपासाय येतील, गुरुजी?"

"कधीही येऊ शकतात."

"आनि हे जेवलं की आमी आठ रुपयानं वर."

"हो."

ती उठली. "म्हणूनच येत न्हाईत. त्यास्नी हिशेब कळतोय." पदर डोळ्यांना लावला नाही, कमरेला खोचला. "असू द्यात हितंच. मी वाटा आनून देत जाईन."

आणि तेव्हापासून दर महिन्याला ती रेशनच्या तांदळातला शेरभर तांदूळ पिशवीतून आणून द्यायची. पाटाजवळ जरा बसायची. निशा नर्सिंगला लागली, प्रसेनजीत नापास झाला, चिमणाबाईच्या गुडघ्याचं कसं आहे, असं सांगायची आणि जायची. आम्ही दोघं तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचो. पाच वर्षं.

दोन हजार दोन साली नवी पाहणी आली. मी निवृत्त झालो होतो, पण जुन्या शाळेत जाऊन फॉर्म मागून बघितला. तेरा प्रश्न, प्रत्येकाला गुण. जमीन किती, घर कसलं, अंगावर घालायला कपडे किती, संडास कुठं. मी पान उलटून मागंही बघितलं. माणशी खर्चाचा भागाकार कुठंच नव्हता. ज्या आठ रुपयांसाठी एक माणूस पाच वर्षं परक्या घरी जेवत होता, ते कुणी रद्दसुद्धा केले नव्हते, नुसते विचारायचे बंद झाले होते.

संध्याकाळी जेवताना मी पाटाकडं बघून सांगितलं, "केरबा, भागाकार बंद झाला. आता तुम्ही जेवलात म्हणून घर श्रीमंत होत नाही."

त्या दिवशी ताट चाटूनपुसून साफ झालं, पातीसकट.

दुसऱ्या दिवशी ते भरलेलंच राहिलं. पाट गार. त्या महिन्यात तानूबाई तांदूळ घेऊन आली नाही, पुढच्याही नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी उगीच पाटावर हात ठेवून बघत होतो.

शिवगंगानं मात्र सकाळी तीन ताटं मांडली.

"गेला तो," मी म्हटलं. "आपल्या घरी गेला."

"माहीत आहे," ती भाकरी थापत म्हणाली. "पण सरकारनं परत भागाकार काढला, तर जाईल कुठं?"