वाट्याचं ऊन

"एवढी मोठी गच्ची, अन् आमच्या मुगाच्या वड्या काय खिडकीत वाळवायच्या?"

टाकीच्या पलीकडून कुसुमलता पुटपुटली. हळूच, पण प्रमिलाबाईंच्या कानावर नीट पडेल अशी. त्यांनी पाण्यात हात बुडवला आणि ओल्या धोतरावर पुढचा बिबडा, ज्वारीचा पापड, थापला. ज्वारीचं शिजवलेलं पीठ अजून चटके देत होतं. तरी त्या जरा जास्तच वेळ थापत राहिल्या. बिबडा पार कागदासारखा झाला.

आज गच्ची त्यांची होती. कधीकाळी या इमारतीत वाळवणावरून इतकी भांडणं झाली, की एकीच्या पापडांवर दुसरीनं ओली चादर टाकली होती. मग जिन्यातच बसून ठरलं: ज्या घराची पाळी, त्या दिवशी सगळी गच्ची त्या घराची. कागद नाही, सही नाही. पण तेव्हापासून कुणी मोडलं नव्हतं.

"अर्धी गच्ची दी दे ना वं तिले," भडगावच्या शेवंताअक्का मध्ये पडल्या. "तिनी पोर मुस्काननं लगीन शे. ऊन काय कोना बापनं शे का?"

"ठरलं ते ठरलं, अक्का. मी तिच्या पाळीला वर पाय तरी ठेवते का?"

ठेवत नसत, हे खरं. त्या दिवशी त्या खाली घरात बसून ऐकत. कुसुमलताच्या सुनांचं हसणं, आणि "दादी, मला दे, मला दे" म्हणून नातवांचा गोंधळ. तिच्या दारासमोर चपलांचा असा ढीग, की बाजारातून येताना पाय जपून टाकावा लागे. आणि प्रमिलाबाईंचा पाय रोज एखाद्या चपलेला लागायचाच, जरा जोरात. माणसं, पाहुणे, आवाज, सगळं तिच्याकडं जास्त. ऊन तेवढं दोघींना सारखं मिळालेलं. त्यातला कवडसाही तिला द्यायचा नव्हता.

अक्कांची सून भूमिका टाकीच्या सावलीत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक घेऊन बसली होती. प्रमिलाबाईंनी तिलाच साक्षीला ओढलं.

"बघ गं, करार मोडायचा नसतो असं तुझ्या पुस्तकात असेलच."

"आहे ना ताई. माणसं भांडून दमली, की प्रत्येक जण आपला थोडा थोडा हक्क सोडतो आणि करार होतो. राज्यसुद्धा असंच उभं राहिलं म्हणतात."

"ऐकलंस, कुसुम?"

"करार झाला तेव्हा मुस्कान पाळण्यात होती, दीदी. तुमचं घर पण तेव्हा..." कुसुमलता तिथंच थांबली आणि पदरानं मान पुसू लागली.

"पण त्याच्याही आधीचं एक आहे," भूमिका उत्साहानं वाचू लागली. "निसर्गानं दिलेलं सगळ्यांचं. त्यातलं कष्ट करून घेतलं ते आपलं. पण नासायच्या आत वापरता येईल तेवढंच. त्यापुढचं..."

तिनं वर पाहिलं आणि तीही थांबली.

"वाच ना वं, काबर थांबनी?" म्हणता म्हणता अक्कांच्याही लक्षात आलं. त्या कठड्यावरून खाली वाकून केळीच्या ट्रककडं बघू लागल्या.

गेल्या दिवाळीला प्रमिलाबाईंनी घरोघरी डब्यात साठून राहिलेले बिबडे वाटले होते. "छान झालेत," सगळ्या म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी फाटकापाशी गाईसमोर ओळखीचे तुकडे पडलेले दिसले, तेव्हा त्या मागच्या दारानं घरी आल्या होत्या. कुबट वास त्यांनाही येत होता की.

पातेल्यात अजून निम्मं पीठ होतं. सासू-सासरे, मालक, दोन्ही मुलं, येणारे-जाणारे, सगळे धरून ठरवलेलं माप. एकेक जण गेला, लेक सासरी आणि पियुष पुण्याला; माप तेवढं राहिलं.

त्यांनी हात धुतले. धोतराची रिकामी बाजू उचलून दुमडली.

"कुसुम, वड्या आण वर. ऊन चढतंय."

कुसुमलता जागची हलली नाही. "अन् हे पीठ, दीदी?"

"तुझ्याकडं ने. पोरांना तेल-तिखट घालून दे." हे म्हणताना त्यांनी तिच्याकडं पाहिलं नाही. "तुटून पडतील त्याच्यावर."

"असं काय करस वं," अक्का गडबडीनं म्हणाल्या. "पियुष येई ना दिवाळीले."

प्रमिलाबाईंनी पातेलं दोन्ही हातांनी कुसुमलताच्या पुढ्यात सरकवलं.

"नाही येत तो, अक्का. मागच्या साली पण आला नाही. डबे तसेच भरलेले आहेत. माझ्या घरी खाणारं कुणी उरलं नाही."