निळी कड

वसुधाच्या मायक्रोस्कोपखालची काचपट्टी वाढत वाढत टेबलाबाहेर गेली. तिला त्याचं फारसं नवल वाटलं नाही. तिच्या थोरल्या बहिणीची, अक्काची, कुठली गोष्ट आजवर नेमून दिलेल्या जागेत मावली होती?

पट्टीवर अक्काच्या जठराचा पातळ काप होता. मधे कर्करोगाची गाठ, भोवती शेजारचं मांस. एक ठरावीक प्रथिन बनवणाऱ्या पेशी रंग चढवला की तपकिरी होत, बाकीच्या निळ्या राहत. वरच्या मजल्यावर सर्जन पालेकर अक्काचं पोट उघडून थांबले होते. तपकिरी संपेल तिथं ते कापणार होते. निळी कड सापडली नाही तर अक्का वाचणार नव्हती. खरं तर घरच्या माणसाची काच आपण बघू नये, पण अक्कानं बजावलं होतं, "माझं पोट परक्याला दाखवायचं नाही."

गाठ तपकिरी होती, त्यात विशेष काही नाही. पण शेजारच्या पेशीही तपकिरीच. चांगल्या धडधाकट, नाकासमोर चालणाऱ्या, आणि तरी तेच प्रथिन बनवत बसलेल्या. ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.

पट्टी दारातून बाहेर पडली. तंत्रज्ञ धोंडगे मायक्रोस्कोप उचलून चालू लागले, वसुधा त्याला डोळा लावून मागोमाग. व्हरांड्यातले लोक पट्टी ओलांडून जात होते.

"जपून, मॅडम. पुढं जिना आहे," धोंडगे म्हणाले.

फोन वाजला. "कुठं कापू?" पालेकरांनी विचारलं.

"अजून तपकिरीच आहे."

"इथं जठर संपलं, मॅडम."

"काचेवर नाही संपलं."

जिन्यात तिला रडू फुटलं. ती फार घाबरली होती. भिंग ओलं झालं की धोंडगे ते शर्टाच्या टोकानं पुसून देत.

पट्टी ऑपरेशन थिएटरमधे शिरली आणि टेबलावर चढली. अक्का उघड्या पोटानं पडली होती, टक्क जागी.

"जेवलीस का गं?"

"नाही."

"मग आधी जेव. हे कुठं पळून चाललंय?"

आई गेल्यापासून वसुधा अक्काच्या हातचे घास खाऊनच वाढली होती. आजही ती जेवली की नाही, हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं.

पट्टी अक्कावरून पुढं सरकली आणि वसुधाच्याच बोटांना येऊन टेकली. तिथं काच संपली, काप मात्र चालूच राहिला. तिनं हात भिंगाखाली धरला. बोटं तपकिरी, तळवा तपकिरी, मनगटही. कोपराशी मात्र निळ्या पेशी लागल्या, अगदी स्वच्छ. तिला इतका आनंद झाला की ती ओरडलीच.

"सापडली! इथं कापा."

पालेकरांनी तिच्या कोपरावर सुरी टेकवली.

"थांबा हो," अक्का म्हणाली. "पोर उपाशी आहे." उशीखालचा डबा काढून तिनं दहीभात कालवला आणि घास पुढं केला. "आ कर."

वसुधानं आ केला. वरच्या दिव्याचा झोत थेट तिच्या घशात गेला. पालेकर वाकले, त्यांनी नीट पाहिलं.

"आतही तपकिरीच आहे," ते म्हणाले, आणि कोपरावरची सुरी उचलून त्यांनी बाजूला ठेवली.