एका घरातून एकच

“मुलाखत विद्यार्थिनीची आहे बाई, तुम्ही बोलू नका,” टेबलापलीकडचे सर म्हणाले.

आईने ओठ मिटले. सरांनी मुलीला पुन्हा विचारलं, “मोटार चालू केली. नुसती गुणगुणतेय, फिरत नाही. काय करशील?”

मुलगी छताकडे बघत राहिली. आईच्या जिभेवर उत्तर वळवळत होतं: आधी बंद कर, विजेचा एक फेज गेला असणार, नाहीतर आतलं तारांचं वाइंडिंग जळेल. एकोणीस वर्षं तिने कारखान्यात जळक्या मोटारींना नवी तार भरली होती. सगळे तिला वाइंडरबाईच म्हणत. पण मोटार ठीक आहे, अशी सही करायची डिप्लोमावाल्याने, आणि तीसुद्धा हळूच तिला विचारून! त्या एका सहीसाठी तिचा जीव तुटत असे.

हा इलेक्ट्रोमेकॅनिकलचा डिप्लोमा तिने स्वतःसाठीच शोधला होता. सहा महिने कॉलेजं पालथी घातली. एकाची फी ऐकूनच डोळे पांढरे झाले. दुसरं स्वस्त होतं, पण वर्कशॉपला कुलूप. इथे भिंतींचा रंग उडालेला असला तरी मुलं स्वतःच्या हाताने यंत्रं उघडत होती, वर्ग संध्याकाळीही भरत होते. निम्मी फी कारखाना देणार होता, कामगाराला किंवा त्याच्या पाल्याला, एका घरातून एकालाच. उरलेली तिला कशीबशी झेपली असती.

रविवारी सकाळी तिने फॉर्म पसरला, तेव्हा नवऱ्याला हसता हसता ठसका लागला. “दप्तर पण आणू का? डबा मी भरून देईन हो!”

सवयीने तीही हसली. तिथेच चुकलं. नवऱ्याची नजर ‘किंवा त्याच्या पाल्याला’ यावर गेली आणि त्याचं हसू थांबलं.

“अगं, मग पोरीचं नाव घाल की! घरीच बसलीय.”

“मला चित्रकलेला जायचंय, बाबा.”

“त्याची फी कोण देणार? तुझा मामा?”

बापापुढे काही चालेना, तशी मुलगी आईवर उलटली. “हे खूळ हिनेच आणलं घरात! आणि आई, या वयात वर्गात तुझ्या शेजारी बसणार कोण गं?”

तिला वाटलं, फॉर्म फाडून दोघांच्या तोंडावर फेकावा. पण नवऱ्याचं अक्षर वाईट होतं. मुलीचं नाव तिनेच सुवाच्य लिहून दिलं.

“शिकेल हळूहळू,” सर आता म्हणाले. “प्रवेश दिला. हिला वर्कशॉप दाखवतो. पालकांनी बाहेर थांबा.”

दाराला काच होती. आत वर्कशॉपच्या मास्तरांनी एक मोटार उघडून ठेवली होती, आणि मुलगी सगळ्या विद्यार्थ्यांच्या मागे मोबाइलमध्ये मान घालून उभी होती. वाइंडरबाई काचेला हात टेकून वाकली. तारांची बांधणी कुणीतरी ढिली सोडली होती. ती सुटणार, हे तिला इतक्या लांबूनही दिसत होतं.

“ओ बाई,” शिपाई ओरडला, “काचेला हात लावू नका. डाग पडतात.”

आतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मुलीनेही पाहिलं, आणि झटकन दाराकडे पाठ केली.

“चुकलं हो,” वाइंडरबाई म्हणाली. तिने पर्समधला रुमाल काढला आणि पंजाचा ठसा जाईपर्यंत काच पुसली.